काकाजींचं सोवळं

काकाजी कधी मतदान करत नसत. बोटाला ती शाई लागली की पंधरा दिवस जात नाही, आणि शाईच्या बोटानं देवाला गंध कसं लावायचं, असा त्यांचा सवाल होता. मात्र मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत दारोदार जाऊन 'उठा, मतदान करा, पवित्र कर्तव्य आहे' असं सांगत हिंडणारे तेच असत. लोक मत देऊन परत आले की काकाजी प्रत्येकाचं बोट हातात घेऊन तपासत, पाठीवर थाप मारत आणि मग घरी येऊन आंघोळ करत. इतक्या शाईच्या बोटांना शिवल्यावर आंघोळ करणं भागच होतं.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहिले. मी मूळची ग्वाल्हेरची. झाशीत सदर बाजाराच्या बाजूला एका शाळेत नोकरी लागली, पण एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा शाळेतल्या एकीनं सांगितलं, ओरछा गेटपाशी एक मराठी काकाजी आहेत, सरकारी खात्यातून रिटायर झालेले, बायको वारली आहे, मुलगा बंगळूरला असतो, आणि आपल्या माणसांना ते खोली देतात. मी गेले. हॉलमध्ये भिंतीवर ठळक पाटी होती : 'या घरात मराठीतच बोलावे.' त्या पाटीखाली बसून काकाजींनी माझी मुलाखत घेतली.

"गोत्र कौनसा?"

मी गोत्र सांगितलं.

"प्याज-लहसुन?"

"घरात नाही करत."

"अंडा वगैरह?"

"नाही."

"ठीक है. और एक बात, मॅडमजी. इस घर में मराठी ही बोलनी पड़ेगी."

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सामान आणलं.

झाशीतले आम्ही मराठी लोक म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कुणाचा कारभार, कुणाची पूजा, कुणाची फौज सांभाळायला आलेल्यांची उरलीसुरली घरं. कारभार गेला, फौज गेली, आता कारकुनी आणि मास्तरकी उरली आहे. घराबाहेर हिंदी, भांडणात बुंदेली, आणि मराठी देवघरात. पोरांना मराठी समजते, बोलता येत नाही. आजीनं 'पाणी आण' म्हटलं की ती पाणी आणतात आणि 'लो दादी' म्हणतात. काकाजींना या गोष्टीचं फार दुःख होतं. ते दुःख ते तासन्‌तास हिंदीत सांगत.

आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षपदाची निवडणूक कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मंडळाची घरं साठ-पासष्ट असतील, पण काकाजी तो आकडा कधी तोंडानं सांगत नसत. निवडणुका आल्या की जो उमेदवार दारात येईल त्याला ओवाळून, नारळ देऊन ते म्हणत, "भैयाजी, मराठी वोट एकमुश्त आपका." पाया पडणाऱ्या प्रत्येकाला हेच वाक्य मिळे. एकदा दोन विरोधी उमेदवार एकाच दुपारी आले. काकाजींनी पहिल्याला 'जरा ध्यान कीजिए' म्हणून देवघरात बसवलं, दार लोटलं आणि दुसऱ्याला हॉलमध्ये एकमुश्त, म्हणजे एकगठ्ठा, मतं देऊन रवाना केलं. देवघरातला गृहस्थ बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी सात्त्विक शांतता मी कुठे पाहिली नाही, असं तो काकाजींना म्हणाला. दोघांतला एक निवडून आला आणि पेढे घेऊन आला. हरला तोही आला, कारण त्याला पुढच्या वेळी उभं राहायचं होतं.

सोवळ्याचं मात्र त्यांच्याकडे कडक होतं. सकाळी आंघोळ झाली की ते रेशमी मुकटा नेसत आणि पूजा उरकेपर्यंत कुणाला शिवत नसत. दूधवाल्यानं पिशवी कट्ट्यावर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं. मोबाईल वाजला तर तो उचलायला त्यांनी लाकडी चिमटा ठेवला होता. चिमट्यानं मोबाईल धरून, स्पीकर लावून ते बोलत. मोबाईल बाटलेला असला तरी आवाज सोवळ्यात राहतो, असं त्यांचं शास्त्र होतं, आणि शास्त्राच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या स्कूटरला एक काळं हेल्मेट लटकवलेलं असे. ते त्यांनी घातलेलं मी फक्त गुरुवारी संध्याकाळी पाहत असे, 'बँकेचं काम आहे' म्हणून ते सदर बाजारात जात तेव्हा. बँक संध्याकाळी उघडी कशी, हे मी कधी विचारलं नाही. एका गुरुवारी शाळेतून उशिरा सुटले, भूक लागली होती, म्हणून सदर बाजारात एका गाडीवर मी अंड्याचा रोल घेतला. शेजारी एक गृहस्थ हेल्मेटची काच वर करून, तेवढ्या फटीतून कीमा-पाव खात होते. हेल्मेट माझ्या ओळखीचं होतं. काच खाली आली. मी रोल पदराआड केला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. काकाजी म्हणाले, "काल सदर बाजारात तुमच्यासारख्या दिसणाऱ्या एक बाई पाहिल्या."

मी म्हटलं, "मलाही तुमच्यासारखं एक हेल्मेट दिसलं."

"झाशीत एकासारखी एक माणसं फार," काकाजी म्हणाले आणि पूजेला गेले. त्यानंतर आमचे संबंध उत्तम राहिले.

आता जानकीमावशींबद्दल सांगायला हवं. काकाजींच्या घरी आणि मंडळातल्या आणखी चार घरी त्या सोवळ्यातला स्वयंपाक करत. पन्नाशीच्या असतील. रोज सकाळी बरुआसागरहून बसनं येत, येताना पिशवीत तिथलं ताजं आलं आणि अळूची पानं आणत, आल्या की आंघोळ करून सोवळ्याचं लुगडं नेसत आणि चुलीशी बसत. अकरा वर्षं त्यांच्या हातचा नैवेद्य काकाजींच्या देवांनी खाल्ला. देवांच्या मागोमाग काकाजींनी खाल्ला, आणि मी राहायला गेल्यापासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झाकून ठेवलेली एक वाटी मीही खाल्ली. ती वाटी ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "ताई, एकटीसाठी काय करता, कढी उरली आहे," एवढंच त्या म्हणत. कढी उरलेली नसे. माझ्यासाठी त्या मुद्दाम जास्त करत, हे मला फार उशिरा कळलं.

आणि त्यांची मराठी. आमच्या मंडळातल्या बायका कढई, करछुल, डिब्बा म्हणत. जानकीमावशी ओगराळं म्हणत, रोवळी म्हणत, वेळणी म्हणत. भात 'उमलला' की नाही पाहत. तान्ह्या पोराला खेळवताना असली गाणी म्हणत की ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या आया आठवाव्यात. काकाजी पाहुण्यांना मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेत आणि म्हणत, "सुनिए, शुद्ध मराठी. खानदान बोलता है." बोलणारं खानदान कोणतं, हे मात्र त्यांनी अकरा वर्षांत विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारायची वेळच येत नाही. झाशीत घरात मराठी बोलणारा माणूस आपलाच असणार, आणि इतकी चांगली मराठी बोलणारा तर आपल्यातलाही वरचा असणार, असा आमचा सरळ हिशेब. इथल्या मराठी माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करूच शकत नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण मंडळाच्या हॉलमध्ये एकत्र करायचं ठरलं. भाद्रपदातल्या या दोन बहिणींना आम्ही दरसाल माहेरी आणतो आणि सोळा भाज्यांचा, पुरणाचा नैवेद्य दाखवतो. निवडणूक जवळ आली होती, म्हणून काकाजींनी एका नेत्यालाही जेवायला बोलावलं. मराठी मतं पंगतीत बसलेली त्याला एकदम दिसावीत, असा बेत होता. नेता आला. गळ्यात उपरणं, मागे व्हिडिओ काढणारा कार्यकर्ता. त्याला पहिल्या पाटावर बसवलं. सगळ्यांचं अर्धं जेवण झालं होतं आणि जानकीमावशी ओगराळ्यानं कढी वाढत त्याच्यापर्यंत आल्या. त्यानं मान वर केली.

"अरे, जानकी जिज्जी? तुम इतै?"

मावशी थांबल्या. "हओ भैया," त्या हळूच म्हणाल्या.

नेता बरुआसागरचा होता. त्याचं आणि मावशींचं घर एकाच तळ्याच्या काठावर होतं. तो पाटावरून उठलाच. कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यानं भाषण सुरू केलं. आमच्या तळ्यात जाळी टाकून मासे धरणाऱ्यांची ही मुलगी, आणि आज या मराठी ब्राह्मणांनी तिला आपल्या देवीच्या स्वयंपाकघरात जागा दिली. समता समता म्हणून लोक घसा कोरडा करतात, करून दाखवली ती काकाजींनी. हे सगळं तो मनापासून बोलत होता, आणि त्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. पंगतीतले सगळे हात जिथल्या तिथे थांबले. माझ्यासमोरच्या सवाष्णीच्या तोंडात पुरणपोळीचा घास होता. तो गिळावा की काढावा हे तिला समजेना, म्हणून ती काकाजींकडे बघत राहिली. सगळेच काकाजींकडे बघत होते, आणि कॅमेराही तिकडे वळला होता.

काकाजींना मानलं पाहिजे. रंग उडालेला चेहरा दोन क्षणांत जागेवर आला. मुकटा सावरत ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "भैयाजी, हमने तो कभी जात पूछी ही नहीं."

हेही अगदी खरं होतं. टाळ्या झाल्या. सवाष्णीनं घास गिळला.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर काकाजींचा निरोप आला. स्वयंपाकघर गोमूत्रानं धुऊन घेतलं असून सर्व सभासदांनी उद्या सकाळी शुद्धीसाठी पंचगव्य घ्यायला यावं. त्याखाली दुसरी ओळ होती : आजच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ जास्तीत जास्त लोकांना पाठवावा. लोकांनी दोन्ही केलं. पंचगव्याला मी शाळेचं निमित्त सांगून गेले नाही आणि त्याचा मला बराच अभिमान वाटला.

मावशींना त्यांनी काढून टाकलं नाही. समता करून दाखवलेल्या माणसाला तसं करता येत नाही. त्यांनी मावशींना हॉलमध्ये बोलावलं, शाल दिली, श्रीफळ दिलं आणि म्हणाले, "आता तुमचं वय झालं. विश्रांती घ्या." काकाजी स्वतः शहात्तर वर्षांचे होते. उरलेल्या चार घरांनाही एकाच आठवड्यात मावशींच्या वयाची काळजी वाटली. पाचही घरांतून त्यांची चूल गेली.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. नारळ पिशवीत होता, शाल त्यांनी घडी करून हातावर घेतली होती. मी विचारलं, "मावशी, तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं, काकाजी, माझ्या हातचं चालेल ना. तर म्हणाले, तुमच्या हातचं नाही चालणार तर कुणाच्या हातचं चालेल." मग थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊन सांगितलं. बरुआसागरला एका मराठी बाईंचा मळा होता. मावशींची आई तिथं गुरांचं करायची. बाईंना मूलबाळ नव्हतं. पाच वर्षांच्या जानकीला त्यांनी जवळ ठेवून घेतलं आणि स्वयंपाक, गाणी, सणवार सगळं शिकवलं. "त्यांना माहीत होतं मी कुणाची ते. त्यांनी मला शिवून घेतलं, चुलीपाशी बसवलं. मला वाटलं, मराठी लोकांत असंच असतं," मावशी म्हणाल्या. बस आली आणि त्या चढल्या.

काकाजींचे त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. स्वयंपाकाला नवा महाराज ठेवला होता, त्याच्या पुरणाला चव नव्हती आणि कढी फुटायची. काकाजी वाळले. पानावर बसून ते म्हणत, "तिच्या कढीला आमच्या आईच्या हाताची चव होती." जणू बाई वारल्या होत्या. मला त्यांची दयाही येई, खोटं कशाला सांगू. त्यांचं त्या कढीवर खरंच प्रेम होतं, आणि कढी करणारी बाई बसनं पाऊण तासावर जिवंत होती.

तशात नेत्याच्या माणसांकडून पत्र आलं. काकाजींना समतेसाठी कसलासा सन्मान जाहीर झाला होता, त्या भगिनींसह मंचावर उपस्थित राहावं अशी विनंती होती. काकाजींनी पत्र चिमट्यानं न धरता हातानं धरलं, तीनदा वाचलं आणि जिन्यातून मला हाक मारली. "मॅडमजी, समतेवर दोन पानं लिहून द्या. थोडे श्लोक, थोडा गहिवर." मी लिहून दिली. चांगली लिहिली. ज्या हातांनी रांधलेलं देवी जेवते त्या हातांना आपण दूर कसं ठेवणार, असं एक वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

समारंभ झाला. मावशी आल्या नव्हत्या, त्यांची तब्येत बरी नाही असं काकाजींनी मंचावर सांगितलं. माझं वाक्य म्हणताना त्यांचा कंठ दाटला आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. सन्मानचिन्ह घरच्या हॉलमध्ये, मराठीच्या पाटीखाली लागलं. पुढे दोन वर्षांनी काकाजी गेले, आणि शोकसभेत त्यांना झाशीच्या मराठी समाजातले पहिले सुधारक म्हटलं गेलं. जानकीमावशी बरुआसागरच्या बाजारात आलं विकायला बसतात, असं मी ऐकलं आहे.

इथपर्यंतची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. स्टाफरूममध्ये या गोष्टीला हमखास हशा मिळतो. चिमट्याला मिळतो, हेल्मेटला मिळतो, पंचगव्य आणि व्हिडिओला तर लोक टेबल बडवतात. शोकसभेपाशी मी थांबते. समारंभाच्या आधी एक रविवार येऊन गेला होता, तो मी गाळते. आज तोही सांगते.

त्या रविवारी काकाजी मावशींना बोलवायला बरुआसागरला गेले आणि मध्यस्थ म्हणून मला बरोबर नेलं. मी आदल्या दिवशी मावशींना फोन करून येतोय म्हणून कळवलं होतं. बसमधून उतरल्यावर काकाजींनी स्टँडवरच्या गाडीवर दोन समोसे खाल्ले. दोन मीही खाल्ले. मग आम्ही तळ्याच्या काठानं, किल्ल्याच्या अंगाला मावशींच्या घरी गेलो. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर वाळत टाकलेली जाळी. काकाजी जाळ्यांपासून अंग चोरून आत शिरले.

आत दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. पानं वाढलेली होती. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तुपाची धार. मंडळातल्या एकाही घरात आता इतकं रीतसर पान वाढता येत नाही. मावशी आंघोळ करून सोवळ्याचं लुगडं नेसल्या होत्या. त्यांची सून दारात उभी होती.

काकाजी उभ्यानंच बोलले. मंचावर या, शाल घ्या, दोन शब्द बोला. मी तुम्हाला परत कामावर घेतो, बाकीच्या चार घरांनाही सांगतो. अध्यक्षाच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

"येईन की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते बोलेन. मला माझी पाच घरं परत हवी आहेत काकाजी, दुसरं काही नको. पण आधी इथं दोन घास खा. इथं खाल्लंत तर तिथं खाल. नाही तर शाल दिल्यावर माझं वय पुन्हा होईल."

काकाजींनी पानाकडे पाहिलं. तिथल्या वाटीत कढी होती. त्यांनी आवंढा गिळलेला मी पाहिला.

"आज रविवार," ते म्हणाले. "माझा सूर्याचा उपास असतो."

"मग अळणी करते. सूर्याच्या उपासाला मीठ नको, एवढंच ना? चूल पेटलेली आहे."

"मी निर्जळी करतो," काकाजी म्हणाले. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, अर्धी प्यायलेली.

मावशी बाटलीकडे बघत राहिल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, जणू एवढा वेळ चुकीच्या माणसाशी बोलत होत्या.

"ताई, तुम्ही बसा. तुम्ही जेवलात तरी पुष्कळ आहे. उद्या मंडळातल्या बायकांना सांगा, मी जानकीच्या घरी जेवून आले, मला काही झालं नाही. पाचातलं एखादं दार तरी उघडेल."

मला फक्त पाटावर बसायचं होतं. तीन वर्षं जिन्यावरची वाटी मी पुसूनपुसून खाल्ली होती. मावशींचा हात पाटाकडे केलेला तसाच होता, सून माझ्याकडे बघत होती, आणि काकाजीही.

"माझाही उपास आहे मावशी," मी म्हणाले.

का म्हणाले? मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले की खोली जाईल अशी भीती वाटली, झाशीत एकट्या बाईला खोली मिळत नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला खोली आठवलीच नव्हती. ती परतीच्या वाटेवर आठवली, आणि कारण सापडलं म्हणून मला बरं वाटलं. त्या क्षणी नुसता हात पुढे आला नाही. याची मला आजही लाज वाटते.

मावशींना पंचांग तोंडपाठ होतं. तीन वर्षांत रविवारी दुपारी मी काय काय खाते तेही ठाऊक झालं होतं. माझ्या ओठाच्या कडेला समोशाची चटणी लागलेली होती, हे मला बसमध्ये आरशात कळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. वाकून त्यांनी दोन्ही पानं उचलली, एकावर एक न ठेवता, दोन हातांत दोन, आणि सुनेकडे दिली. "मी नाही यायची काकाजी," एवढं बोलून त्या आम्हाला अंगणापर्यंत पोचवायला आल्या. रीतीप्रमाणे म्हणाल्या, "पुन्हा या." माझ्याकडे बघून त्यांनी तेही म्हटलं नाही.

बसमध्ये काकाजी खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांनाही लागलं असेल. मग ते माझ्याकडे वळले. तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी माझ्यासाठी इतकी माया पाहिली नव्हती.

"मॅडमजी, खरं सांगू? मला धाकधूक होती. म्हटलं, हल्लीच्या शिकलेल्या बायका, ही बसते पाटावर. पण नाही. संस्कार ते संस्कार. तुम्ही अगदी आमच्यातल्या आहात."

आणि त्यांनी उठून मला खिडकीची जागा दिली. मी थँक्यू म्हणून बसले.